नऊ नंबरचं पाकीट

आमच्या कॉफीच्या पाकिटावर आता चेहरा नसतो. शनिवारच्या बाजारात जुनी गिऱ्हाईकं अजून विचारतात, "त्या पिवळ्या रुमालवाल्या बाई कुठे गेल्या हो?" मी सांगते, लेबल बदललं, आणि पुढच्याचं पाकीट भरायला घेते. खरं उत्तर लांबलचक आहे आणि मागे रांग असते.

जर्मनीत लुडविग्सहाफेनमधल्या एका केमिकल कंपनीत मी एकोणीस वर्षं मालवाहतुकीचं काम केलं. कुठला कंटेनर कुठल्या बंदरात आहे, कुठला कागद कुणाच्या टेबलावर अडलाय, हे सांगणं हा माझा पगार. आमचं खातं बंद झालं तेव्हा अबफिंडुंग मिळाली, म्हणजे नोकरी सोडण्याचे एकरकमी पैसे. अर्धे घराच्या कर्जात गेले. उरलेल्या अर्ध्यांत मी एका ओळखीच्या बेकरबरोबर कॉफी सुरू केली. त्याची बेकरी साखळी दुकानांपुढे बंद पडली होती. जागा होती, धुराडं होतं, पहाटे उठायची सवय होती. त्याने दाणे भाजायचे, मी आणायचे, अशी वाटणी झाली.

कॉफी यायची युगांडाच्या पूर्वेकडच्या एका डोंगरातून. एकतीस शेतकरी, प्रत्येकाची जेमतेम काही शे झाडं. ते पिकलेली लाल फळं डोक्यावरून सोसायटीत आणून घालत. सोसायटी ती धुऊन, वाळवून, सगळ्यांची एकत्र करून पाठवायची. पैसे दोनदा मिळत. पहिला हप्ता फळं तोलली की तिथल्या तिथे, काट्यापाशी, सगळ्यांसमोर रोख. दुसरा, आमची कॉफी जर्मनीत पोचून विकली गेली की, थेट ज्याच्या त्याच्या फोनवर. हा दुसरा हप्ता आमचा अभिमान होता. पहिल्यापेक्षा फार कमी नसायचा.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा एकतिसांची एकतीस शेतं पाहिली. चार दिवस लागले. सोसायटीची सेक्रेटरी, चाळिशीची एक खमकी बाई, बरोबर असायची आणि दुभाष्याचं काम करायची. प्रत्येक शेताला मी वहीत एक पान दिलं होतं: झाडं किती, पाणी कुठून, घरात माणसं किती, पैशाचं काय करणार.

नऊ नंबरचं शेत एका विधवेचं होतं. पिवळा रुमाल बांधलेली, माझ्याच वयाची, हसताना तोंडावर हात ठेवणारी. दोन मुली लग्न होऊन गेलेल्या. ती मला शेताच्या कडेला घेऊन गेली. तिकडे हद्दीवर लांब पानांची झुडपं लावतात. एकेका झुडपाला हात लावत ती चालत होती, जसं आपण कुणाला घर दाखवताना भिंतीला हात लावत चालतो. नवऱ्याने लावलेली झाडं, तो गेल्यावर सात वर्षं तिने एकटीने राखलेली. जमीन मात्र कुणाच्याच नावावर नव्हती. सासरच्यांची म्हणून सगळे ओळखत, आणि सगळे म्हणजे मुख्यतः थोरला दीर.

"दुसरा हप्ता ती खर्चत नाही," सेक्रेटरीने सांगितलं. "मोजणीवाल्यासाठी ठेवते. जमीन मोजून तिच्या नावाचा कागद करायचा आहे. अजून दोन हंगाम लागतील."

मी पानावर लिहिलं: मोजणी, स्वतःच्या नावावर, दोन हंगाम. ते सांगताना त्या दोघींचे आवाज खाली आले होते. आसपास शेळीशिवाय कुणी नव्हतं, तरी आले होते. ते मी लिहिलं नाही.

परत आल्यावर लेबलचा विषय निघाला. बेकरचं म्हणणं, किलोमागे शेतकऱ्याला किती दिले एवढं छापू, पुरे आहे. पण त्या सुमारास प्रत्येक दुकानात "शेतकऱ्याला योग्य भाव" लिहिलेली पाकिटं दिसत होती. योग्य म्हणजे किती, ते कुणी लिहीत नव्हतं.

"आल्झो, तर मग तुला काय हवंय?" त्याने विचारलं.

"सगळं. माणूस, फोटो, पहिला हप्ता, दुसरा हप्ता, जहाज, कॉफीवरचा कर, तुझा पगार, माझा पगार."

"माझा पगार? लोक हसतील."

"हसू देत. खोटं तर नाही म्हणणार."

असं ठरलं की पाकिटात कॉफी सगळ्यांची एकत्र, पण दर पाकिटावर एकतिसांपैकी एकाचा चेहरा आणि त्याला गेल्या हंगामात मिळालेली रक्कम. जर्मनमध्ये छापायचं होतं. मीच म्हटलं, खाली इंग्रजीही हवं, ज्याचा फोटो आहे त्याला वाचता यायला नको? आणि युरोचे आकडे तिकडे कुणाला कळणार, म्हणून कंसात शिलिंगही. छपाईवाल्याने जादा पैसे लावले. मी दिले.

सासूबाई तेव्हा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. बाहेर उणे चार, टीव्हीवर काही कळेना, म्हणून त्या बेकरीत येऊन बसायच्या आणि लेबलं चिकटवायच्या. हात इतका सरळ की बेकर त्यांना "शेफिन" म्हणायला लागला, मालकीणबाई. त्यांना ते आवडायचं.

नऊ नंबरचा गठ्ठा त्यांच्या हातात आला तसा त्यांनी चष्मा वर केला.

"ही कोण गं?"

"विधवा आहे आई. एकटी शेत करते. बघा किती मिळवलं तिने."

"ते दिसतंय, केवढ्या मोठ्या अक्षरात छापलंयस. हिला दीर-बीर नाहीत का कोणी?"

"आहे की एक. थोरला."

"मग हे त्याला वाचायला पाठवलंयस का?"

बेकरने विचारलं, शेफिन काय म्हणतात. मी भाषांतर करून सांगितलं आणि आम्ही दोघं हसलो. सासूबाईही हसल्या. त्या असं काहीतरी बोलायच्याच. मी म्हटलं, "अहो आई, हे जर्मनीत विकायचंय. तिचा दीर कशाला येतोय लुडविग्सहाफेनला?"

दीर आला नाही. पाकीट मीच घेऊन गेले.

पुढच्या हंगामाआधी मी पुन्हा निघाले, तेव्हा सामानात एकतीस पाकिटं होती, ज्याच्या चेहऱ्याचं त्याला. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये हे अंगात मुरलेलं. दोन बॅगा कॉफीच्या, स्वतःचे कपडे पाठपिशवीत. बेकर मला फ्रांकफुर्टच्या विमानतळावर सोडायला आला होता. म्हणाला, "कॉफी जिथून आली तिथेच परत न्यायला पैसे भरणारी तू पहिलीच."

सोसायटीच्या शेडमध्ये सभा ठेवली होती. एकतीसच्या एकतीस आले, शिवाय घरची माणसं. सेक्रेटरीला काट्याची दुरुस्ती करायला आलेल्या माणसापाशी थांबावं लागलं, म्हणून दुभाषी कोण हा प्रश्न आला. पुढच्या बाकावरचे एक गृहस्थ उठले. कोट, इस्त्रीची पँट, निवृत्त शाळामास्तर. इंग्रजी माझ्यापेक्षा स्वच्छ. त्यांनी ओळख करून दिली: नऊ नंबरच्या बाईच्या नवऱ्याचे थोरले भाऊ. मला बरं वाटलं. घरचाच माणूस, शिकलेला.

मी यादीप्रमाणे एकेकाला पुढे बोलावत होते. नाव घ्यायचं, पाकीट द्यायचं, त्यावरचं वाचून दाखवायचं. छापलेलंच होतं, वाचायला काय हरकत. पहिला हप्ता इतका, दुसरा इतका. मास्तर त्यांच्या भाषेत सांगत. पहिल्या तिघा-चौघांना टाळ्या पडल्या. पाचव्याला कमी. सहाव्याच्या बायकोने मागून काहीतरी विचारलं, लोक हसले, पण तो हसला नाही. मला वाटलं उन्हाने कंटाळलेत. मी वाचायचा वेग वाढवला.

नववी ती. मी पहिला हप्ता वाचला, मास्तरांनी सांगितला. दुसरा वाचला. मास्तर थांबले.

"परत सांगता का, मॅडम?"

मी परत सांगितला, सावकाश. तरी ते माझ्याकडे बघत राहिले, तेव्हा मी पाकीट त्यांच्यासमोर धरून त्या ओळीवर बोट ठेवलं. शिलिंगच्या कंसावर.

"हे दरवर्षी असतं?" त्यांनी विचारलं.

"दरवर्षी," मी म्हटलं. "तीन वर्षं झाली. थेट त्यांच्या फोनवर. मध्ये कुणी नाही."

'मध्ये कुणी नाही' हे आमच्या पाकिटावरचं वाक्य होतं. मी ते अभिमानाने म्हटलं.

त्यांनी ते लोकांना सांगितलं, एकही शब्द न गाळता असावं, कारण बराच वेळ बोलले. तिने दोन्ही हातांनी पाकीट घेतलं आणि फोटोची बाजू छातीशी धरून जागेवर जाऊन बसली. त्या क्षणाचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. खाली मी लिहून ठेवलं होतं: लाजाळू.

जायच्या दिवशी सेक्रेटरी मला सोडायला आली. गाडीत मी विचारलं, सभा कशी झाली. ती म्हणाली, "तुम्ही मला आधी दाखवलं असतं, तर बरं झालं असतं."

"काय चुकलं?"

"बघू," ती म्हणाली.

पाच आठवड्यांनी तिचा फोन आला. मी तेव्हा झोलआम्टच्या, म्हणजे कस्टमच्या, एका पत्राला उत्तर लिहीत होते, ते बाजूला ठेवलं. तिने सगळं एका दमात सांगितलं. दिराने घराण्यातल्या पुरुषांची बैठक बोलावली होती. मध्ये पाकीट ठेवलं. तीन वर्षं आमच्या जमिनीवरचे पैसे हिने लपवले, म्हणाला. कशासाठी, असं विचारल्यावर ती गप्प राहिली असती तर एखादे वेळी निभावलं असतं. पण तिला मोजणीवाल्याला आगाऊ दिलेला पैसा परत मिळवायचा होता, म्हणून बोलली. मग काय, जमीन बाहेरच्यांना विकायला निघाली असा अर्थ निघाला. निकाल झाला: शेत दिराकडे. ती घरात राहू शकते.

"हद्दीची झुडपं त्याने त्याच दिवशी उपटली," सेक्रेटरी म्हणाली.

मी वही उघडली होती. काय करता येईल ते लिहायला सुरुवातही केली होती. वकील, त्याची फी आम्ही देऊ. सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र. मी स्वतः येऊन सांगते की ती झाडं तिने राखली, माझ्याकडे फोटो आहेत, पान आहे...

"मॅडम," ती म्हणाली, "कुणाला सांगणार? मोठ्याने सांगणार, परत?"

मी लिहायची थांबले.

"आणि ती एकटी नाही. सहा नंबरच्या घरी भांडण झालं. चौदा नंबरवाल्याच्या दारात उसनं मागणारे बसलेले असतात. इथे कोण किती कमावतं हे सगळ्यांना साधारण माहीत असतं. साधारण. नक्की कुणाला माहीत नसतं, आणि त्यावरच आम्ही एकमेकांच्या शेजारी राहतो. तुम्हाला मात्र सगळं कागदावर हवं."

"मला वाटलं तुम्हाला अभिमान वाटेल."

"वाटला ना. पहिल्या चौघांना."

मी बेकरला सांगितलं तेव्हा तो भट्टी पुसत होता. पुसत राहिला. मी म्हटलं, नावं, फोटो, रकमा, सगळं उद्याच काढायचं. वेबसाइटवरची यादी आजच.

"आणि गिऱ्हाइकांना काय सांगायचं?" तो म्हणाला. "तूच म्हणाली होतीस, खोटं तर नाही म्हणणार. आपण लपवायला लागलो की बाकीच्यांसारखेच."

"किलोमागचा भाव ठेवू. तू पहिल्यांदा म्हणाला होतास तेच."

"गेनाऊ, अगदी तेच. मी म्हणालो होतो." तो चिडला नव्हता, ते जास्त लागलं. मग म्हणाला, "एक विचारू? तुझ्या पगाराचा आकडा छापला, तेव्हा तुझ्या घरी कुणी बैठक बोलावली?"

घरी येऊन मी सासूबाईंना फोन लावला. त्या पुण्याला परतल्या होत्या. मला त्यांच्याकडून काय हवं होतं कोण जाणे. कदाचित बोलणी. त्यांनी ऐकून घेतलं.

"मी विचारलं होतं तुला," त्या म्हणाल्या.

"हो आई."

"मी साड्यांना फॉल लावायचे ते माहितीये ना तुला? घरात सांगताना एका साडीचे पाच सांगायचे. घ्यायचे आठ. अकरा वर्षं. तुझ्या सासऱ्यांनाही माहीत नव्हतं आणि माझ्या सासूला तर नाहीच. त्यातून तुझ्या नवऱ्याची इंजिनिअरिंगची पहिली फी भरली. मामाने दिली म्हणून सांगितलं."

"मग आई, तेव्हा बेकरीत नीट का नाही सांगितलंत?"

"नीटच सांगितलं होतं. तुम्ही दोघं हसलात." मग म्हणाल्या, "आणि मला तरी काय माहीत गं, तू ती पाकिटं तिथे घेऊन जाशील. विकायची वस्तू कुणी परत नेऊन देतं का?"

वेबसाइटवरची यादी मी त्याच संध्याकाळी काढून टाकली. छापून ठेवलेली लेबलं रद्दी कागदाच्या निळ्या डब्यात टाकली. नऊ नंबरचा गठ्ठा टाकायला थांबले, मग तोही टाकला. ठेवून काय करणार होते?

वकिलाचा नाद मी लगेच सोडला नाही. सेक्रेटरीला तीन वेळा लिहिलं, वेगवेगळ्या वाटा सुचवल्या. चौथ्यांदा लिहायच्या आत तिचं उत्तर आलं: बाईंचा निरोप आहे, आता काही पाठवू नका. फोन दिराकडे असतो.

त्या हंगामात कॉफी घ्यायची की नाही यावर आमचं एक आठवडा चाललं. न घेतली तर तीस घरांचं नुकसान, आणि एकतिसावं घर नेमकं कुणाचं, तर आता दिराचं. कॉफी सगळ्यांची एकत्र येते, त्यातून नऊ नंबरचे दाणे काढता येत नाहीत. शेवटी घेतली. पोती आली, नमुना भाजला, चमच्याने चाखला. बेकर म्हणाला, गेल्या वर्षीपेक्षा चांगली आहे. होतीच. त्या वर्षी पाऊस वेळेवर झाला होता.

दरम्यान मास्तरांचं इमेल आलं. शुद्ध इंग्रजी, विनम्र. नऊ नंबरच्या शेताची व्यवस्था आता आपण पाहतो, नोंद दुरुस्त करावी, दुसरा हप्ता खाली दिलेल्या फोन नंबरवर पाठवावा. सोबत फोटो जोडला होता, नव्या पाकिटासाठी. कोट घालून, कॉफीच्या झाडांपुढे उभे. फोटो चांगला होता. पाकिटांवर आता फोटो नसतात, एवढं मी कळवलं.

सोसायटीनेही तेच कळवलं होतं, नोंद मी दुरुस्त केली. सोसायटीने कळवलेलं नाव बदलायचा किंवा न बदलायचा अधिकार मला नव्हता. करारच तसा मी केला होता, सोसायटीच्या कामात आम्ही ढवळाढवळ करणार नाही म्हणून.

मी आणखी एक गोष्ट केली होती, फार आधी, ती विसरले होते. सुरुवातीच्या उत्साहात मी करारात एक कलम घातलं होतं: नुसत्या शेतकऱ्यांचे नाही, तर तोडणीला रोजंदारीवर येणाऱ्या मजुरांचेही तपशील हंगामाच्या शेवटी द्यावेत. शेत, नाव, दिवस, रोज. म्हणजे त्यांनाही नीट मजुरी मिळते का ते कळेल. पहिली वर्षं सोसायटीला ते जमलं नव्हतं. या वर्षी सेक्रेटरीने पाठवलं, दोन पानं, स्वच्छ टाइप केलेली. बरोबर पत्र नव्हतं.

मी बेकरीत बसून ती वाचली. बाहेर कुणीतरी दार ढकलून पाहिलं, सोमवारी आम्ही बंद असतो, ते गेलं.

नऊ नंबरच्या शेतावर चार मजूर होते. तिसरं नाव तिचं. एकेचाळीस दिवस. रोज, जो तिथे सगळ्यांना मिळतो तोच. शेवटच्या रकान्यात, पैसे कसे दिले: रोख, काट्यापाशी.

बेरीज मी करून पाहिली. बरोबर होती.